ठरवून घेतलेला वीजखंड : नोंद, सूचना आणि विश्वास

भिवंडी शहरातील निजामपुरा हा जुना, दाट वस्तीचा भाग. शहराच्या महानगरपालिकेच्या नावातही ‘भिवंडी निजामपूर’ असा त्याचा उल्लेख कायम राहिला आहे. देशातील मोठ्या यंत्रमाग केंद्रांमध्ये भिवंडीची गणना होते. येथील अनेक गल्ल्यांत मागांची खडखड हीच घड्याळाची टिकटिक असते. ती खडखड एकाएकी थांबली की, घराघरांतील माणसे बाहेर येऊन एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : ‘वीज कधी येणार?’

या प्रश्नाची दोन प्रकारची उत्तरे संभवतात. ‘काही कळत नाही’ हे पहिले उत्तर. ‘रोहित्राची दुरुस्ती आहे, कालच कळविले होते, दोन वाजता येईल’ हे दुसरे. दोन्ही प्रसंगी वीज नसते, माग बंदच असतात. परंतु पहिल्या उत्तराने माणूस हतबल होतो आणि दुसऱ्या उत्तराने तो आपल्या दिवसाची आखणी करू शकतो. अकस्मात आलेला खंड आणि ठरवून घेतलेला खंड यांतील हा फरक वरवर लहान दिसला, तरी आधुनिक वीजपुरवठा, पाणीपुरवठा व संदेशवहन या सर्वच सेवांच्या व्यवस्थापनाचा तो पाया आहे.

थांबावे का लागते?

अखंड सेवा देणारी यंत्रणाही मधून मधून थांबवावीच लागते, ही गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. रोहित्रातील तेल तपासणे, गळती थांबविणे, सैल झालेले जोड आवळणे, तडकलेले चिनीमातीचे विद्युतरोधक बदलणे, पावसाळ्यापूर्वी तारांवर आलेल्या फांद्या छाटणे, एका रोहित्रावरील वाढलेला भार दुसऱ्यावर टाकणे ही कामे बहुधा प्रवाह बंद करूनच करावी लागतात. ती टाळली तर यंत्र आपल्या सोयीने बंद पडते, आणि यंत्राची सोय ही नेहमी ग्राहकाची गैरसोय असते.

भिवंडीने या गोष्टीचा अनुभव घेतला आहे. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. पुढे २६ जानेवारी २००७ पासून भिवंडी मंडळातील सुमारे ७२१ चौरस किलोमीटर क्षेत्राचे वितरण ‘टोरंट पॉवर’ या कंपनीकडे वितरण प्राधिकारी या नात्याने सोपविण्यात आले. परवाना महावितरणचाच राहिला आणि काम प्राधिकाऱ्याने करावे, अशी ही योजना होती. २०१७ मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. प्रारंभी या क्षेत्रात वर्षाला शंभरांपैकी सुमारे चाळीस रोहित्रे नादुरुस्त होत असत. काही वर्षांत हे प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. नवी रोहित्रे, वाढविलेली क्षमता आणि वीजचोरीस आळा यांचा वाटा त्यात मोठा होताच; पण वेळच्या वेळी होणारी देखभालही त्यात अंतर्भूत होती. ज्या शहरात रोहित्र जळणे हा नित्याचा प्रकार असतो, तेथे देखभालीसाठी ठरवून वीज बंद ठेवणे ही चैन नसून बचत असते.

पाहणारे यंत्र व त्याची हाक

पूर्वी एखाद्या भागातील वीज गेली हे कार्यालयास ग्राहकाच्या तक्रारीवरूनच कळत असे. आता नियंत्रण कक्षातील संगणक उपकेंद्रे, वीजवाहिन्या, मापक व संदेशवहनाची उपकरणे यांच्यावर सतत नजर ठेवतो. त्याची कार्यपद्धती फार गूढ नाही. ठराविक अंतराने, समजा दर पाच मिनिटांनी, संगणक प्रत्येक उपकरणाची विचारपूस करतो. उत्तर आले की उपकरण ठीक आहे असे समजतो. उत्तर न आल्यास पुन्हा एक-दोनदा विचारतो, आणि तरीही शांतता असेल तर धोक्याची हाक देतो. पडद्यावर लाल खूण उमटते, कर्तव्यावरील अभियंत्याच्या दूरध्वनीवर संदेश जातो, प्रसंगी पथक रवाना होते.

या यंत्रास एक गोष्ट मात्र आपोआप कळत नाही. उपकरण बिघडल्यामुळे गप्प आहे की माणसाने मुद्दाम बंद केल्यामुळे, हे त्याला सांगावे लागते. न सांगितल्यास एका वाहिनीची दुरुस्ती सुरू होताच तिच्यावरील प्रत्येक रोहित्राचा मापक हाक देऊ लागतो. पन्नास खोट्या हाकांमध्ये एक खरी हाक हरवते. त्याहून वाईट म्हणजे रोजच खोट्या हाका ऐकणारा माणूस हळूहळू कोणत्याच हाकेकडे लक्ष देईनासा होतो. लांडग्याच्या खोट्या हाकाटीची गोष्ट शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. नियंत्रण कक्षातील अनुभव तिच्याहून निराळा नाही.

म्हणून अशा संनियंत्रण प्रणालींत ‘नियोजित खंड’ आगाऊ नोंदविण्याची सोय केलेली असते. नोंदविलेल्या काळात त्या उपकरणाविषयीची हाक थांबविली जाते. उपकरणाची विचारपूस व स्थितीची नोंद मात्र चालूच राहते. नजर काढून घ्यायची नसते, केवळ ओरड थांबवायची असते. हा भेद महत्त्वाचा आहे.

नोंदीत काय असावे?

चांगल्या नोंदीत पाच प्रश्नांची उत्तरे असावी लागतात : कोणते उपकरण, कधीपासून, कधीपर्यंत, कशासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर.

यांपैकी पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा, निजामपुऱ्यातील एका गल्लीचे रोहित्र दुरुस्त करावयाचे आहे. नोंद केवळ रोहित्राची केली आणि त्यावर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचा किंवा संदेशवहनाच्या पेटीचा विसर पडला, तर त्यांच्या हाका सुरूच राहतील. उलटपक्षी, सोयीसाठी संपूर्ण वाहिनीच नोंदीत घातली, तर शेजारच्या गल्लीत खरोखर बिघाड झाला असताना संगणक गप्प बसेल. म्हणून कोणते उपकरण कशावर अवलंबून आहे याची वंशावळ प्रणालीत अचूक भरलेली असावी लागते. मूळ उपकरण नोंदविले की त्याखालची उपकरणे आपोआप त्या नोंदीत यावीत, त्याबाहेरचे एकही येऊ नये.

वेळेच्या नोंदीचेही दोन प्रकार आहेत. पहिल्यात आरंभ व शेवट दोन्ही निश्चित असतात : सकाळी दहा ते दुपारी दोन. दुसऱ्यात एक मोठी मुदत देऊन तिच्यात प्रत्यक्ष कामाचा अवधी ठरविलेला असतो : सकाळी नऊ ते सायंकाळी पाच यांदरम्यान केव्हाही, परंतु उपकरण बंद झाल्यापासून तीन तासच. पथक दुसऱ्या कामात अडकून उशिरा पोहोचण्याचा संभव असेल तेथे हा दुसरा प्रकार उपयोगी पडतो. मात्र ग्राहकांना सूचना देताना निश्चित वेळच सांगणे श्रेयस्कर. यंत्राला लवचीकता चालते. भाकरी थापणाऱ्या गृहिणीला आणि पाळीवर येणाऱ्या कामगाराला ती चालत नाही. दर महिन्याच्या ठराविक तपासणीसाठी पुनरावृत्त नोंद करता येते. परंतु काम रद्द झाले तरी अशी नोंद आपोआप चालू राहते, हा तिचा धोका होय.

सर्वांत घातक चूक म्हणजे संपण्याची वेळ नसलेली नोंद. काम दोन तासांत आटोपते, पथक परतते आणि हाक मात्र बंदच राहते. आठवड्याने तेच रोहित्र खरोखर जळते तेव्हा संगणकाच्या लेखी ते अद्याप ‘देखभालीखाली’ असते. यास्तव प्रत्येक नोंद मुदत संपताच आपोआप मिटली पाहिजे. काम लांबल्यास मुदतवाढ मागून घ्यावी, आणि ती कोणी व का दिली हेही लिहून ठेवावे. मुदत संपूनही उपकरण उत्तर देत नसेल तर तत्काळ हाक झाली पाहिजे, कारण त्या क्षणापासून तो खंड नियोजित राहिलेला नसतो.

हिशेबातील प्रामाणिकपणा

नोंदीचा आणखी एक उपयोग म्हणजे सेवेचा हिशेब. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. समजा, एका वाहिनीवर त्या महिन्यात चार तास ठरवून व दोन तास अकस्मात वीज बंद होती. एकूण हिशेबाने वीज ७१४ तास, म्हणजे सुमारे ९९.१७ टक्के काळ उपलब्ध होती. केवळ अकस्मात खंड धरले तर हे प्रमाण सुमारे ९९.७२ टक्के भरते. दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु ते दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ग्राहकाला किती वेळ वीज मिळाली हे पहिला आकडा सांगतो. यंत्रणा किती भरवशाची आहे हे दुसरा. दोन्ही शेजारीशेजारी मांडले तरच चित्र पूर्ण होते.

येथेच मोहाची जागाही आहे. वीज अकस्मात गेल्यावर मागाहून नोंद करून तो खंड नियोजित दाखविला, तर कागदावरील कामगिरी सुधारते. पण त्यामुळे दुबळे रोहित्र बदलण्याचा निर्णय लांबतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तेच रोहित्र पुन्हा जळते. म्हणून नोंद केव्हा केली गेली याची वेळ प्रणालीने स्वतः टिपावी व ती कोणालाही बदलता येऊ नये.

नोंद म्हणजे परवाना नव्हे

एक गैरसमज वेळीच दूर केला पाहिजे. संगणकात नियोजित खंड नोंदविला याचा अर्थ तार मृत झाली असा मुळीच नव्हे. खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याचे रक्षण नोंद करीत नाही. त्याचे रक्षण होते ते लेखी कार्यपरवान्याने, स्विच उघडून त्यास लावलेल्या कुलपाने, प्रवाह नाही याची उपकरणाने केलेल्या तपासणीने आणि कामाच्या दोन्ही बाजूंस तारा भूमीशी जोडण्याने. जेथे घरोघरी व कारखान्यांत जनित्रे आहेत, तेथे चुकीच्या जोडणीमुळे उलट दिशेनेही प्रवाह येऊ शकतो. म्हणून भूसंपर्क वगळणे प्राणावर बेतू शकते. परवाना ज्याने घेतला त्यानेच तो परत केल्याशिवाय वाहिनी पुन्हा सुरू करावयाची नाही, हा नियम कोणाच्याही घाईसाठी मोडता कामा नये. सूचित वेळ दोन वाजेची असली आणि माणूस अजून खांबावर असला, तर वेळ मोडावी, नियम नव्हे.

पडघ्याचा धडा

खंड ठरविताना ते एक उपकरण तेवढे पाहून भागत नाही. त्याचा भार त्या काळात कोण वाहणार हेही पाहावे लागते. याचे ठळक उदाहरण भिवंडी तालुक्याच्या अगदी जवळचे आहे. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसराचा मोठा भाग अंधारात गेला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या. महापारेषणच्या ४०० किलोव्होल्ट कळवा-पडघे यंत्रणेत पहिल्या मंडलाची देखभाल चालू असल्याने भार दुसऱ्या मंडलावर होता आणि त्यातच अकस्मात बिघाड झाला, असे तत्कालीन ऊर्जामंत्री श्री. नितीन राऊत यांनी त्या दिवशी सांगितले होते. पुढे या घटनेची चौकशी झाली व अन्य कारणांचीही चर्चा झाली. तथापि एक मार्ग दुरुस्तीसाठी बंद असताना दुसरा मार्गही गेला तर काय, हा प्रश्न त्या दिवसाने सर्वांसमोर उभा केला. हे पडघे भिवंडी तालुक्यातीलच गाव होय.

देशपातळीवरही असा अनुभव आला आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातही, वीजजाळे कोसळले. पश्चिम व उत्तर विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या त्या वेळी नियोजित किंवा आकस्मिक कारणांनी बंद होत्या आणि उरलेल्या बीना-ग्वाल्हेर मार्गावर अतिरिक्त भार आला, असे चौकशी समितीने नमूद केले. प्रत्येक दुरुस्ती आपापल्या जागी योग्य असेल. पण त्या सर्व एकाच वेळी बंद असणे योग्य नव्हते.

म्हणूनच पारेषण वाहिन्यांच्या खंडांची वार्षिक आखणी प्रादेशिक वीज समितीच्या पातळीवर केली जाते आणि प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी भार प्रेषण केंद्राची संमती घ्यावी लागते. महाराष्ट्रापुरते हे काम ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र पाहते. त्या दिवशी हवामान बिघडले, मागणी वाढली किंवा दुसरे एखादे यंत्र बंद पडले, तर ठरलेला खंडही पुढे ढकलावा लागतो. ठरविण्याइतकेच न करण्याचे धैर्यही नियोजनात मोडते.

सूचनेचे मोल

आता पुन्हा निजामपुऱ्याच्या गल्लीत येऊ. माग चालू असताना वीज एकाएकी गेली, तर धोटा ताण्यातच अडकून धागे तुटण्याचा संभव असतो. वीज आल्यावर माग पुन्हा सुरू करताना कापडावर आडवा पट्टा उमटू शकतो. यंत्रमाग कामगाराची मजुरी बहुधा विणलेल्या कापडावर ठरते. माग बंद तर मजुरीही बंद. तुटलेले धागे सांधण्यात गेलेला तास कोणी भरून देत नाही. आदल्या दिवशी सूचना मिळाली, तर मालक त्याच वेळात बीम चढविणे, मागास तेल देणे, साफसफाई करणे ही कामे उरकून घेतो, आणि पाळीची वेळ मागेपुढे करून कामगाराची मजुरी वाचविता येते. तोच चार तासांचा खंड, पण त्याची किंमत कितीतरी कमी होते.

केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित केलेल्या वीज ग्राहक हक्क नियमांत नियोजित खंडांची माहिती ग्राहकांना देण्याचे, तसेच अकस्मात खंड झाल्यास तत्काळ संदेश पाठवून वीज केव्हा येईल याचा अंदाज कळविण्याचे बंधन वितरण कंपन्यांवर घातले आहे. मागाहून पाठविलेल्या क्षमायाचनेपेक्षा अगोदर दिलेली सूचना ग्राहकाला अधिक उपयोगाची असते. मात्र ही सूचना संनियंत्रणातील नोंदीवरूनच निघाली पाहिजे. फलकावर एक वेळ, संदेशात दुसरी आणि नियंत्रण कक्षात तिसरी असे झाले, तर लोक तिन्हींवर विश्वास ठेवीत नाहीत. वेळ निवडताना कारखान्यांची साप्ताहिक सुटी, सण, परीक्षा, पाणी सोडण्याची वेळ आणि रुग्णालयांची निकड लक्षात घ्यावी. काम रद्द झाले तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे.

गावपातळीवर

हा विचार केवळ विजेपुरता किंवा शहरापुरता मर्यादित नाही. ‘राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे’ म्हणून २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने चाललेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत संदेशवहनाच्या तारा पोहोचल्या आहेत. दाखले, उतारे व विविध योजनांचे अर्ज यांची कामे आता त्यावर अवलंबून आहेत. तेथील उपकरण दुरुस्तीसाठी बंद राहणार असेल आणि ते कोणास ठाऊक नसेल, तर दहा किलोमीटरांवरून आलेला शेतकरी एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी गमावून परत जातो.

पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना या कामी पुष्कळ करण्यासारखे आहे. वीज, नळपाणी व संगणक या तिन्हींच्या नियोजित खंडांसाठी ग्रामपंचायतीत एकच नोंदवही व एकच फलक ठेवावा. पंप, शीतपेटीत लस ठेवणारे आरोग्य उपकेंद्र आणि शाळा कोणत्या रोहित्रावर आहेत याची यादी करून वितरण कार्यालयास द्यावी, म्हणजे तेथील वंशावळ अचूक होईल. परीक्षांच्या तारखा मुख्याध्यापकांनी आधीच कळवाव्यात. वीज जाणार असल्यास आदल्या रात्री पाण्याची टाकी भरून ठेवावी. आणि महिनाअखेर नोंदवहीत एवढेच पाहावे : किती खंड सांगून झाले, किती न सांगता झाले, आणि सांगितलेल्यांपैकी किती वेळेवर संपले.

या तीन आकड्यांसाठी संगणकाचीही गरज नाही. शाळेतील मुले त्यांचा आलेख भिंतीवर काढू शकतात. न सांगता होणाऱ्या खंडांची रेघ महिन्यागणिक खाली येत असेल, तर देखभाल खरोखर होत आहे असे समजावे. ती वर जात असेल, तर ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास तो आकडा पुरेसा आहे.

यंत्र थांबणारच; ते केव्हा थांबावे हे मात्र माणसाने ठरवावयाचे असते. ठरविले की लिहावे, लिहिले की सांगावे आणि सांगितले की पाळावे. निजामपुऱ्यातील माग दुपारी दोन वाजता पुन्हा खडखडू लागले आणि फलकावरही दोनच वाजलेले होते, तर पुढच्या सूचनेवर लोक विश्वास ठेवतील. सार्वजनिक सेवेचे खरे भांडवल तोच विश्वास होय.